सात नंबरची सावली

आमच्या घरासमोरचं शॉपिंग सेंटर आधी चुन्याचं होतं. बांधायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या भुकटीच्या रेषा मारतात ना, फक्की म्हणतात तिला, तेवढंच होतं ते. बावीस चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे एक दुकान. भिंती नाहीत, शटर नाही, छत नाही. आता तिथे खरंखुरं, फरशीचं, पायऱ्यांचं सेंटर उभं आहे आणि रोज मी त्यात जातो-येतो. पण डोळे मिटले की मला अजून ते चुन्याचंच दिसतं. उतरत्या उन्हात त्या रेषा किंचित उजळायच्या, आणि मधे माणसं आपापल्या दुकानांत उभी असायची, हातात काही नसताना काहीतरी मांडल्यासारखी.

हे अमरावतीच्या बाहेर, बायपासच्या पलीकडे. मी एसटीत कंडक्टर होतो. नोकरीची बहुतेक वर्षं अकोट-अकोला गाडीवर गेली, शेवटची थोडी अमरावती-अकोल्यावर. रिटायर झाल्यावर इथल्या लेआउटमध्ये लहानसं घर बांधलं. स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे बायकोला सांगायचे कष्ट नकोत. जन्मभर लोकांना 'पुढे सरका' म्हणत राहिलो, त्यामुळे कुणी दारात घुटमळलं तरी माझं डोकं फिरतं.

त्या नोकरीत माणसांबद्दल मी एक गोष्ट शिकलो. अकोटच्या स्टँडवर सकाळची गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी असायची. डाव्या बाजूला सावली, उजव्या बाजूला ऊन. लोक यायचे, खिडकीतून रुमाल टाकून डावीकडच्या जागा धरायचे आणि मग निवांत चहा प्यायला जायचे. गाडी स्टँडाबाहेर पडून वळली आणि अकोल्याच्या वाटेला लागली, की ऊन सगळं डावीकडे. मग ती हुशार मंडळी तोंडावर पेपर धरून अकोल्यापर्यंत भाजत बसायची, आणि उशिरा आलेले उजवीकडे गारव्यात झोपायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेच लोक, तीच गाडी, त्याच बाजूला रुमाल. मी कधी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला मजा यायची.

रुमालावरून भांडणं मात्र रोज व्हायची, आणि निवाडा माझ्याकडे यायचा. मी दाराशी उभा असायचो, कुणाचा रुमाल आधी पडला ते मला दिसायचं. मी बोट दाखवलं की विषय संपला. त्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नव्हतो. साहेबाच्या मेव्हण्याला उठवून एका म्हातारीला बसवलंय मी. याचा मला फार अभिमान होता.

बायको ब्लाउज शिवते. लग्न झालं तेव्हापासून. घर बदललं तसं मशीन बदलत गेलं, पण जागा तीच, दारामागची. इथे आल्यावर तिने व्हरांड्यात चॅनल गेटच्या आत मशीन ठेवलं. सकाळी पूर्वेचं ऊन आत यायचं, त्यात ती साडीचा पदर धरून रिळं लावून बघायची. धागा जुळवायला दिवसाचाच उजेड लागतो, ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतात, असं ती म्हणायची. पुढे शेजाऱ्याने घरावर दोन मजले चढवले. त्याचं घर, त्याची हौस, पण आमचा व्हरांडा दिवसाढवळ्या काळवंडला. आणि एके दिवशी तिने रामा रंगाच्या साडीवरच्या ब्लाउजला मोरपंखी धागा घातला. एक-दोन टाके नाही, अख्खा ब्लाउज. गिऱ्हाईक बाई तो घेऊन फाटकाबाहेर उन्हात गेली आणि तिथूनच ओरडली, "काकू, हे काय करून ठेवलं?"

दुपारभर ती उसवत बसली. मग मशीनवर झाकण ठेवलं आणि आठ दिवस काढलंच नाही. त्या आठ दिवसांत मला कळलं की मी त्या मशीनच्या आवाजावर जगत होतो. पेपर वाचवेना, झोप लागेना, आमटीत मीठ कमी आहे म्हणायचाही हुरूप राहिला नाही. आठव्या दिवशी ती म्हणाली, "मले उजेड पायजे जी. इथं आता नाई जमत. नाई तं मी बंदच करून टाकतो हे."

बंद. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी पाण्याचा तांब्या उगाचच दोनदा भरला.

तेवढ्यात समोरच्या मोकळ्या जागेवर फक्की पडली.

साइटवर एक सुपरवायझर होते. जाड, घामेजलेले, उन्हात कायम छत्री धरून फिरणारे. त्यांनी सांगितलं, कुठलीशी मंजुरी यायची आहे, बुकिंग सुरू व्हायला वेळ आहे, पण ज्यांना दुकान भाड्याने घ्यायचं असेल त्यांनी जागा बघून पसंती ठरवून ठेवा. एवढं म्हणायचा अवकाश. बातमी गावभर गेली आणि संध्याकाळी माणसं यायला लागली. मोबाइलची कव्हरं विकणारा एक पोरगा जोडपं घेऊन आला, मित्र आणि मित्राची बायको, तिघांचा एकच धंदा. चांदूर बाजारचा एकजण संत्र्याच्या रसाचं दुकान टाकणार होता. एक मॅडम लहान मुलांना सांभाळायचं काहीतरी काढणार होत्या, त्या चौकोनाच्या चारी कोपऱ्यांत उभ्या राहून बघायच्या, मूल कुठे पडेल ते. आणि सगळ्यांनी काय केलं असेल? आपल्या पसंतीच्या चौकोनात विटेखाली रुमाल ठेवले. गाडी नाही, सीट नाही, खिडकी नाही, तरी रुमाल. मी गेटात उभा राहून खो खो हसलो.

जागेच्या एका अंगाला कडुनिंबाचं मोठं झाड होतं. त्याची सावली पडायची ती सात नंबरवर. फाल्गुन संपत आलेला, आमच्याकडे तेव्हा पाच वाजताचं ऊनही पाठीत घुसतं. त्यामुळे जो येई तो आधी सातमध्ये जाऊन उभा राही, कपाळ पुसे आणि म्हणे, 'हे दुकान बेस हाय.' बाकीची एकवीस दुकानं त्याच मापाची, त्याच जमिनीवरची. पण मन सातवर. आणि मला, ज्याने जन्मभर स्टँडावरची सावली बघितली, त्याला यात काहीच वावगं दिसलं नाही. मी स्वतः तिथे उभा राहिलो तेव्हा मलाही सात नंबरच बेस वाटला.

आता मी एक गोष्ट सांगतो, ती त्या वेळी कुणाला सांगितली नव्हती. एका सकाळी मी गेटाशी दात घासत होतो. सायकलवरून एक म्हातारे गृहस्थ आले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. ते सातमध्ये गेले, झाडाच्या मुळाशी लाल चौकटीचा रुमाल ठेवला, वर दगड ठेवला. जाताना मला बघून त्यांनी हात केला. मीही ब्रशसकट हात केला. त्याच दिवशी संध्याकाळी बायको पहिल्यांदा तिथे गेली. तिने ब्लाउजमधून उरलेला लिंबू रंगाचा तुकडा सातच्या मधोमध विटेखाली ठेवला. मुळामागचा रुमाल तिला दिसला नाही. मला दिसला. मी म्हटलं, कुणी जेवायला बसलं असेल झाडाखाली, राहिला असेल. असं मी मनाला सांगितलं आणि मनाने ऐकलं.

मग ते दिवस सुरू झाले. रोज चार-साडेचारला ती पदर खोचून निघायची, दुकानात जायचंय म्हणायची. मी मागून दोन खुर्च्या आणि थर्मास घेऊन. पहिल्या दिवशी मी सरळ रेषा ओलांडून आत गेलो, तर म्हणाली, "भितीतून काय येता? दरवाजा तिकडं हाय." फक्कीत हातभर जागा मोकळी सोडलेली होती, तो दरवाजा. मी मागे जाऊन दरवाज्यातून आलो. चपला तिने बाहेर काढायला लावल्या.

"इथं मशीन," ती म्हणायची, "तोंड बाहेर करून. इथं बाक, बायाईले बसाले. अन् इथं आरसा."

"आरसा कशाले टांगशील? हवेले?"

"भित येईन ना जी. तुमाले दिसत नाई तं मी काय करू?"

आणि काय सांगू, मला दिसायला लागलं. चैत्र लागला, निंब फुलला. पांढरी बारीक फुलं दिवसभर गळत राहायची, गोडसर कडू वास सुटलेला असायचा, वारा आला की फक्कीच्या रेषा विस्कटायच्या आणि फुलं रेषांत जाऊन पडायची. कुठे चुना, कुठे मोहर, कळेनासं व्हायचं. ती मांडीवरच्या साडीवरून फुलं झटकत बसलेली असायची, भिंतीवर रिळांच्या रांगा लावत. पिवळ्यापासून सुरुवात करायची, मग केशरी, मग लाल. हाताने हवेत ओळ दाखवायची आणि मी मान हलवायचो. समोरून कुणी रस्त्याने गेलं की आम्ही दोघंही मान वर करायचो, गिऱ्हाईक असेल म्हणून. साठी ओलांडलेली दोन माणसं उघड्या माळावर खुर्च्या टाकून बसलेली! आधीचा मी असतो तर स्वतःलाच हसलो असतो. पण मला ते फार आवडत होतं. इतकं निवांत आम्ही लग्न झाल्यापासून कधी बसलो नव्हतो.

चार-पाच दिवसांनी ते सायकलवाले गृहस्थ आले. सातच्या दरवाज्याबाहेर थांबले, चपला काढल्या, म्हणाले, "बाई, अंदर येऊ काय?" भिंत नसलेल्या दुकानात परवानगी मागून येणारा माणूस बायकोला तिथल्या तिथे आवडला.

ते घड्याळं दुरुस्त करायचे. जुन्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर चाळीस वर्षं बसलेले, रस्ता रुंद झाला तशी पायरी गेली. आम्ही त्यांना चाचा म्हणायला लागलो. त्यांनी मुळाशी दगडाखालच्या रुमालाकडे पाहिलं, मग विटेखालच्या लिंबू तुकड्याकडे, मग माझ्याकडे. मी थर्मासचं झाकण फिरवत होतो.

"मले बी असीच जागा पायजे होती," ते एवढंच म्हणाले. "ऊन नको, पन उजेड पायजे. बारीक काम हाय न बाई. स्क्रू म्हंजे राईच्या दान्याहून बारीक."

"माह्यं बी तसंच हाय," बायको म्हणाली. "धागा जुळवा लागते."

दोघांनाही सात नंबर हवा होता, आणि दोघांनाही एकाच कारणासाठी. आता भांडण व्हायला हवं होतं. माझ्या गाडीत झालं असतं. इथे काय झालं, तर चाचाही रोज येऊन तिथेच बसायला लागले. पांढऱ्या फडक्यावर घड्याळ उघडून ठेवायचे, डोळ्याला भिंग लावायचे. एकदा उघड्या घड्याळात निंबाचं फूल पडलं. त्यांनी ते फुंकरीने उडवलं नाही, चिमट्याने उचलून बाजूला ठेवलं. बायको पिशवीतून रिळं आणि साडी काढून रंग लावून बघायची. एकदा मी घरून थर्मास भरून आणला तेव्हा तिच्या हातात तीन रिळं होती आणि चाचा भिंग कपाळावर सारून बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, घड्याळात रंग नसतात, म्हाताऱ्याला रंगांचं कौतुक वाटत असेल.

मंजुरी आली. सुपरवायझर साहेबांनी पसंती लिहून घ्यायचा दिवस ठरवला. टेबल कुठे मांडलं? सातमध्येच, सावली होती म्हणून. एकेक जण आपला नंबर सांगत गेला. सात आला तेव्हा साहेब म्हणाले, "याच्यावर दोघांचं म्हणणं आहे. पहिले कोणाचं?"

रसवाला म्हणाला, "कंडक्टर साहेबाईले विचारा ना. त्यायचं घर समोरच हाय. त्याईनं पाह्यलं असन रुमाल कोनाचा पहिले पडला तं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायकोही. तिचा चेहरा मी आजही विसरलो नाही, ती माझ्याकडे विश्वासाने बघत होती, मी खरं सांगेन असं तिला वाटत होतं. आणि मला झाकण घातलेलं मशीन दिसत होतं, तो 'बंद' शब्द ऐकू येत होता. मी बोट दाखवलं, लिंबू तुकड्याकडे.

"हे पहिले," मी म्हणालो.

चाचांनी वाकून दगड उचलला, रुमाल झटकला, त्यातली फुलं खाली पडली. "कंडक्टर साहेब बोलले तं बात खतम," ते म्हणाले. त्यांनी पंधरा नंबर लिहून दिला, मागच्या अंगाचा, जिथे तेव्हा झाड नव्हतं, काही नव्हतं, नुसतं रणरणतं ऊन होतं. तिकडे कुणाचाच रुमाल नव्हता. मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. उन्हामुळे, असं मी सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात साइटवाल्यांनी निंब तोडला.

आता हसा. सेंटर बांधायचं म्हणजे झाड जाणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सावलीसाठी सात नंबर धरणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही नाही! आम्ही वऱ्हाडातली माणसं, चैत्रात आम्हाला सावली दाखवली की पुढचं दिसत नाही. आणि छत? भिंती? उजेड बघून दुकान निवडणारी मंडळी बिनछताच्या माळावर उभी होती. तिथे बावीसच्या बावीस दुकानांत सारखाच उजेड होता. अकोटच्या स्टँडवर मी ज्यांना हसलो, त्यांच्यापेक्षा मी काही वेगळा निघालो नाही. गाडी वळली आणि ऊन माझ्या बाजूला आलं.

उलट म्हणायला हवं, अंधार आला. स्लॅब पडला, त्याचा पुढे रुंद छज्जा निघाला, वरच्या मजल्यावर जायचा जिना नेमका सातच्या तोंडासमोर उतरला. जिन्याच्या पोटाखाली आमचं दुकान. भर दुपारी बारा वाजता दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जाईना. आणि मागचा पंधरा? त्याचं तोंड उत्तरेला, समोर अजून मोकळं शेत. दिवसभर पांढराशुभ्र, शांत उजेड, उन्हाचा एक कवडसा नाही. हवं होतं तसं. दोघांनाही हवं होतं तसं.

बायकोने कपाळाला हात लावला नाही की मला बोलली नाही. मशीन मांडलं, बाक ठेवलं, आरसा टांगला. रिळांची ओळ लावली. धागा जुळवायचा असला की साडी आणि दोन-तीन रिळं घेऊन ती सेंटरला वळसा घालून पंधराकडे जायची, उजेडात बघून परत यायची. दिवसातून पाच-सहा वेळा. आली की म्हणायची, "चाचा किती भला मानूस हाय. अन् तुमी त्या दिवशी खरं सांगतलं म्हून बरं झालं, नाई तं मनाले लागून राह्यलं असतं." हे ती आपली सहज म्हणायची. मी दर वेळी आरसा पुसायला घ्यायचो. वर्ष गेलं असं. जन्मात एकदा खोटा निवाडा दिला तो बायकोसाठी, आणि मिळवलं काय, तर जिन्याखालची खोली.

शेवटी एका सकाळी मी पंधराकडे गेलो. चाचा भिंग लावून बसले होते. मी उभ्यानेच बोलून टाकलं. "चाचा, सातमधी तुमचा रुमाल पहिले होता. मी खोटं बोललो."

त्यांनी मान वर केली नाही. चिमट्याने एक स्क्रू जागेवर बसवला, मग म्हणाले, "मालूम हाय. मी रुमाल ठेवला तवा तुमी गेटात दात घासून राह्यले होते. मी हात बी केला होता तुमाले."

मी त्यांच्या स्टुलावर बसलो. "मंग तवाच बोल्ले काहून नाई?"

"बाईसाठी." त्यांनी भिंग कपाळावर सारलं. "झाडाखाली बसत होतो तवा एक दिवस त्याईनं तीन रिळं हाती घेतले. एक निळं, एक हिरवं, एक मोरपंखी. मले म्हने, हे तिन्ही सारखेच हायत ना चाचा? चांगल्या उजेडात, साहेब. मी म्हनलं, याईले उजेड नाई, डोळे कमी पडून राह्यले. या बाईले जागा भेटू द्या, कमीत कमी काम तं सुटनार नाई."

मी म्हटलं, असं कसं होईल, ती रोज तुमच्याकडे येऊन रंग बघते ना.

"त्या नाई बघत. मी बघतो. त्या रिळं समोर धरते, मी बोट दाखवतो. तुमाले सांगू नका म्हन्ते." मग ते थोडे पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "तुमच्या सदऱ्याच्या गुंड्या पाहा, साहेब."

मी खाली पाहिलं. माझा निळा सदरा. रोजचा. सगळ्या गुंड्या हिरव्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या. गळ्यापासून पोटापर्यंत, एकूण एक. तिने त्या कधी शिवल्या तेही मला आठवेना. एके काळी माझ्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे, गर्दीत न बघता मी हव्या त्या रंगाचं तिकीट फाडायचो. आणि हा हिरवा दोरा मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने लावत होतो आणि मला दिसत नव्हता. शेजाऱ्याच्या मजल्यांना शिव्या देत होतो, ट्यूबलाइटला देत होतो, जिन्याला देत होतो. एकदाही तिच्या डोळ्यांत वाकून बघितलं नव्हतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी सातमध्ये परत आलो तर ती निघायच्या तयारीत होती, हातावर साडी, दोन्ही हातांत एकेक रीळ.

"दाखव इकडं," मी म्हणालो.

"तुमाले काय समजते त्यातलं?"

"उजव्या हातातलं घे. डावं हिरव्याकडं जाते."

तिने रिळं मशीनवर ठेवली. "चाचाईनं सांगतलं?"

"हो."

"नका सांगू म्हनलं होतं मी त्यायले." ती बाकावर बसली, गिऱ्हाइकाच्या जागेवर. तिच्या आईचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेला होता, ते मला माहीत होतं. ते तिच्या मनात इतकी वर्षं बसून आहे, हे माहीत नव्हतं. म्हणाली, "दवाखान्यात नेलं तं आधी मशीन बंद करा लागन. अन् मंग दिसलंच नाई तं? म्हून म्हनलं, उजेड कमी हाय असंच असू द्या."

मी तिच्याजवळ बसलो. तिने आपलं सांगितलं होतं, आता माझं राहिलं होतं. "मले बी एक सांगाचं हाय. सातमधी रुमाल पहिले चाचाचा होता. मी पाह्यला होता."

तिने वर जिन्याच्या पोटाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, बाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहिलं.

"म्हंजे खोटं बोलून अंधार आनला तुमी," ती म्हणाली.

आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं पाणी राहिलं नाही. मी तिचा हात धरून बसलो. वरून कुणी जिना उतरत होतं, पावलं डोक्यावरून गेली. एक बाई ब्लाउज न्यायला आली होती, ती आम्हाला बघून दारातच थांबली. मी तिला 'पुढे सरका' म्हटलं नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ. पन तुमी रुमाल टाकून जागा धरू नका. रांगेत उभे राहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शटर बंद ठेवून निघालो. गुंड्यांचं मी तिला रात्री सांगितलं होतं. तिने मुद्दाम तोच सदरा मला घालायला लावला, म्हणाली, ऑपरेशन झालं अन् पट्टी निघाली की पहिले मी या गुंड्या पाहीन. सेंटरच्या मागून वळसा घेतला तेव्हा चाचा पंधराचं कुलूप काढत होते. त्यांनी हात केला. मीही केला, थांबून, नीट त्यांच्याकडे बघून.